गेलेला तोल : अनुमस्तिष्काच्या भरपाईचा इतिहास

अनुमस्तिष्काला इजा झालेला प्राणी काही आठवड्यांत सावरतो, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून दिसत आले आहे आणि जवळजवळ तितक्याच काळापासून ते त्यांना छळतही आले आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या मेंदूच्या खाली दडलेला हा लहान मेंदू आकारमानाने सबंध मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा. मात्र २००९ साली ब्राझीलमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या अनुमस्तिष्कात असतात. एवढा पसारा असलेला अवयव काढून टाकला, तर प्राणी जन्मभर जागचा हलू नये. सुरुवातीला तसेच होते. पुढे तो उठतो, धडपडतो आणि चालू लागतो. मग, जे काम परत आले ते मुळात त्या अवयवाचे होते का, आणि असेल तर आता ते कोण करते, हे दोन प्रश्न उरतात. अनुमस्तिष्काच्या अभ्यासाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास बराचसा याच दोन प्रश्नांभोवती फिरला आहे.

पहिला महत्त्वाचा प्रयोग सार्डिनियात झाला. नेपोलियनच्या स्वाऱ्यांमुळे तुरीनचे राजघराणे त्या बेटावर आश्रयाला गेले होते आणि त्यांच्यापाठोपाठ लुइजी रोलांदो हा तरुण वैद्यही सासारीच्या विद्यापीठात येऊन पडला होता. १८०९ साली त्याने तिथेच आपला ग्रंथ छापला. प्राण्यांचा लहान मेंदू जखमी केला, तर संवेदना आणि भान शाबूत राहते पण हालचाल जाते, आणि तीही इजा ज्या बाजूला त्याच बाजूची, हे त्याने नोंदवले. मोठ्या मेंदूचा उजवा भाग शरीराच्या डाव्या बाजूवर हुकमत चालवतो. लहान मेंदूचे तसे नाही, हा फरक आजही प्रत्येक डॉक्टर रुग्ण तपासताना ध्यानात ठेवतो. निरीक्षण चोख होते, स्पष्टीकरण मात्र काळाच्या ओघात वाहून गेले. व्होल्टाने विजेची चकत्यांची बॅटरी शोधून तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. अनुमस्तिष्काच्या एकावर एक घड्या पाहून रोलांदोला तीच बॅटरी आठवली आणि हालचालीला लागणारी वीज इथे तयार होते, असे त्याने ठरवून टाकले.

त्याच काळात युरोपात फ्रान्झ योझेफ गाल याचा बोलबाला होता. कवटीवरच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव सांगणाऱ्या या वैद्याने कामवासनेचे ठाणे अनुमस्तिष्कात नेमून दिले होते. पॅरिसमध्ये प्येर फ्लुराँस याने गालच्या विरोधात कंबर कसली. तर्काला तर्काने उत्तर देत बसण्यापेक्षा त्याने शस्त्र हाती घेतले. कबुतराच्या लहान मेंदूचे एकेक पापुद्रे तो कापत गेला आणि प्रत्येक पापुद्र्यानंतर पक्ष्याचे काय होते ते लिहीत गेला. वरचे थर काढले तेव्हा किंचित अशक्तपणा आणि हालचालींत विसंगती आली. मधले थर काढल्यावर पक्षी सैरभैर झाला. सगळा अवयव गेल्यावर त्याला उडता येईना, चालता येईना, उभेही राहता येईना. उताणा टाकला तर तो पंख फडफडवत उठण्याची शिकस्त करी. त्याच्यावर उगारलेला हात त्याला दिसे आणि तो चुकवण्याचा प्रयत्नही तो करी. इच्छा होती, ताकद होती, दृष्टी होती. हालचालींचा मेळ तेवढा गेला होता. १८२४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फ्लुराँसने अनुमस्तिष्काचे काम ‘हालचालींचा समन्वय’ असे सांगितले. पाठ्यपुस्तकांत आजही जवळजवळ हेच शब्द आढळतात.

याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे. अनुमस्तिष्काचा काही भागच काढलेले पक्षी काही दिवसांनी पुन्हा सुधारले. फ्लुराँसला त्यात अडचण वाटली नाही, उलट आपल्या मताला पुष्टीच मिळाली असे वाटले. त्याच्या मते मेंदूचा प्रत्येक मोठा विभाग आतून एकजिनसी होता. त्याचा पुरेसा तुकडा शिल्लक राहिला की तो सबंध विभागाचे काम उचलू शकतो. भरपाईचा हा पहिला सिद्धांत. तो अर्धा बरोबर निघाला, पण हे कळायला फार काळ जावा लागला.

निसर्गाने केलेला एक प्रयोगही याच सुमारास उजेडात आला. १८३१ साली पॅरिसमध्ये कोंबेत नावाच्या वैद्याने अकराव्या वर्षी वारलेल्या एका अनाथ मुलीचे शवविच्छेदन प्रसिद्ध केले. तिच्या कवटीत अनुमस्तिष्काच्या जागी पातळ पडद्यासारख्या ऊतीपलीकडे काही नव्हते. ही मुलगी उशिरा का होईना चालायला शिकली होती. पाय अशक्त होते, ती वारंवार पडे, बोलणे अस्पष्ट होते, पण हात ती वापरू शकत असे. फ्लुराँसच्या कबुतराने जे गमावले होते, त्यातले बरेचसे या मुलीने मुळात तो अवयव नसताना कमावले होते. एकोणिसाव्या शतकातल्या वैद्यांनी या प्रकरणाचा उपयोग आपापल्या मताच्या सोयीने केला. कोणी ‘ती पडत असे’ यावर बोट ठेवले, तर कोणी ‘ती चालत असे’ यावर. आज पाहता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्याखेरीज त्या नोंदीला अर्थ येत नाही.

वादाला तोंड फुटले ते अमेरिकेत. न्यू यॉर्कचे जॉन डाल्टन यांनी १८६१ साली आणि फिलाडेल्फियाचे सायलस वेअर मिचेल यांनी १८६९ साली कबुतरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दोघांनीही फ्लुराँसपेक्षा एक गोष्ट जास्त केली : शस्त्रक्रियेनंतर ते थांबून राहिले. मिचेल यांनी तर पक्षी महिनोन्महिने पाळले. सुरुवातीची झोकांडी ओसरत गेली आणि लहान मेंदूचा बराच भाग गेलेली कबुतरे पुढे वरवर पाहता निरोगी कबुतरांसारखीच वावरू लागली. फक्त ती लवकर दमत. मिचेल यांचा निष्कर्ष रोखठोक होता. अवयव परत आलेला नाही आणि समन्वय मात्र आला आहे. तेव्हा समन्वय हे त्या अवयवाचे काम असूच शकत नाही. अनुमस्तिष्क हे त्यांच्या मते हालचालींना जोर पुरवणारे केंद्र होते, मेळ घालणारे नव्हे.

या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : एक काम एकाच अवयवाचे, आणि तो गेला की ते काम दुसऱ्या कोणाला जमणारच नाही. मिचेल यांचे निरीक्षण खरे होते, गृहीतक खोटे. ते कोणीतरी प्रयोगाने मोडून दाखवायला हवे होते आणि त्यासाठी अनुमस्तिष्क नसलेला सस्तन प्राणी दीर्घकाळ जगवणे भाग होते. पण हीच तर अडचण होती. कुत्र्या-मांजरांवरील अशा शस्त्रक्रियेत रक्तस्राव आणि जखम चिघळणे यांमुळे प्राणी चार-दोन दिवसांत मरत, आणि चार-दोन दिवसांत जे दिसते ते इजेचे परिणाम की शस्त्रक्रियेचा धक्का, हे सांगता येत नसे.

ती अडचण दूर झाली जोसेफ लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीमुळे. १८८० च्या दशकात फ्लोरेन्समध्ये लुइजी लुचानी या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने ती प्रयोगशाळेत आणली. जर्मनीत लाइप्सिगला कार्ल लुडविग यांच्या हाताखाली त्याने काम केले होते आणि शस्त्रक्रियेतले त्याचे हस्तकौशल्य वादातीत होते. अनुमस्तिष्क जवळजवळ पूर्ण काढलेली एक कुत्री त्याने महिनोन्महिने जगवली. १८८४ च्या आतबाहेर ही बातमी युरोपभर पसरली. पुढे माकडांवरही त्याने असे प्रयोग केले आणि १८९१ साली फ्लोरेन्समध्ये ‘इल चेर्वेल्लेत्तो’ हा त्याचा ग्रंथ निघाला. अनुमस्तिष्काचा आधुनिक अभ्यास इथून सुरू होतो, असे म्हणायला हरकत नाही.

लुचानीचे मोठेपण त्याने काळाला दिलेल्या महत्त्वात आहे. त्याने प्राण्याच्या आजारपणाचे टप्पे पाडले. पहिल्या काही दिवसांत मान मागे ताणली जाते, पुढचे पाय काठीसारखे ताठ होतात, प्राणी अंगाभोवती गोल फिरतो. हा चाळवलेपणाचा काळ. तो ओसरला की खरी उणीव दिसू लागते : स्नायू ढिले पडतात, त्यांची ताकद कमी होते आणि त्यांचे आकुंचन अखंड न राहता थरथरते. या तीन लक्षणांची ग्रीक नावे त्याने ठरवली आणि पुढे पावलांचा अंदाज चुकणे हे चौथे लक्षण जोडले. त्यानंतर तिसरा टप्पा, भरपाईचा. कुत्री पाय फाकवून उभी राहू लागते, प्रत्येक पाऊल गरजेपेक्षा उंच उचलून जोराने आपटते, भिंतीला अंग टेकून तोल सावरते. चालता येत नसण्याच्या काळातही तिला पाण्यात सोडले तर ती पोहते, हे त्याचे एक प्रसिद्ध निरीक्षण. पाणी अंगाचा भार पेलते. तोल सांभाळण्याचे ओझे उतरले की पायांची लय आपोआप चालू होते.

ही भरपाई दोन प्रकारची असते, असे लुचानीने मांडले. अनुमस्तिष्काचा काही भाग वाचला असेल, तर तोच भाग जादा काम करतो; याला त्याने सेंद्रिय भरपाई म्हटले. सगळाच अवयव गेला असेल, तर मेंदूचे इतर भाग, विशेषतः मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावरचा हालचालींचा पट्टा, नव्या युक्त्या शिकून उणीव झाकतात. ही कार्यिक भरपाई. हे नुसते तर्काने सांगून तो थांबला नाही. इजेतून सावरून चालू लागलेल्या कुत्र्यांच्या मोठ्या मेंदूतला तो पट्टाही त्याने काढला. तेवढा पट्टा एरवी काढला तर कुत्रा लवकरच पुन्हा चालू लागतो. या कुत्र्यांची कमावलेली चाल मात्र गेली आणि ते पुन्हा कोलमडले. मिचेल यांच्या कोड्याचे उत्तर मिळाले होते. समन्वय परत आला होता तो दुसऱ्याच्या जिवावर. आधार काढून घेताच इमारत खाली आली. प्राण्यांच्या वेदनेचा विचार आजच्या समित्या ज्या कसोशीने करतात, तिच्यापुढे हे प्रयोग उभे राहणार नाहीत. तरीही भरपाई हा शब्द लुचानीने ज्या अर्थाने रुजवला, त्यात पुढच्या शतकाने फार थोडी भर घातली.

पहिल्या टप्प्यातल्या ताठपणाचे कारण मात्र लुचानीला नीट उमगले नव्हते. जखमेमुळे अवयव चाळवतो, असे तो मानत होता. अनुमस्तिष्काच्या बाह्य थरातल्या मोठ्या पेशी चेक शास्त्रज्ञ यान पुरकिन्ये यांनी १८३७ सालीच पाहिल्या होत्या आणि त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. या पेशी पुढच्या पेशींना चेतवत नाहीत, दाबून ठेवतात, हे १९६४ मध्ये मासाओ इतो आणि योशिदा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले, तेव्हा ताठपणाचा उलगडा झाला. लगाम तुटला की घोडा उधळतो. चाळवण्याची गरज नसते. पहिल्या दिवसांतल्या दुर्बलतेचे आणखी एक कारण १९१४ साली झूरिकच्या कॉन्स्टँटिन फॉन मोनाको यांनी सुचवले होते. मेंदूचा एक भाग अचानक गेला, की त्याच्याशी जोडलेले दूरचे, धडधाकट भागही काही काळ गप्प होतात. त्यांना येणारे संदेशच बंद पडलेले असतात. ते हळूहळू जागे होतात आणि रुग्ण सुधारतो. सुरुवातीची जलद सुधारणा बरीचशी या जागे होण्याची असते, नवे शिकण्याची नव्हे. १९८० च्या सुमारास फ्रेंच चेताविकारतज्ज्ञ बारों यांनी किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साहाय्याने घेतलेल्या चित्रांत हे प्रत्यक्ष दिसले : मोठ्या मेंदूच्या एका बाजूला पक्षाघाताचा झटका आला, की विरुद्ध बाजूच्या अनुमस्तिष्कातला रक्तप्रवाह मंदावतो.

माणसांबद्दलची खात्रीची माहिती मिळायला महायुद्ध व्हावे लागले. गॉर्डन होम्स हे आयरिश चेताविकारतज्ज्ञ. दृष्टी अधू म्हणून सैन्याने त्यांना आधी नाकारले, तेव्हा ते रेड क्रॉसच्या रुग्णालयामार्फत फ्रान्सला गेले. तिथे त्यांचे काम पाहून सैन्याने आपला निर्णय बदलला. पश्चिम आघाडीवर ब्रिटिश सैनिकांना १९१५ नंतर मिळालेले बशीसारखे पोलादी शिरस्त्राण वरून पडणाऱ्या तुकड्यांपासून डोके वाचवी, पण मानेच्या वरचा, मागचा भाग उघडाच राही. त्या भागात घुसलेल्या गोळ्या आणि छर्रे नेमके अनुमस्तिष्काला आणि त्याच्या वरच्या दृष्टिकेंद्राला लागत. होम्स यांच्यासमोर तरुण, कालपर्यंत निरोगी असलेले आणि इजेची वेळ नेमकी ठाऊक असलेले रुग्ण आले. गाठी आणि क्षयाने हळूहळू पोखरलेल्या मेंदूंवर अवलंबून असलेल्या आधीच्या कोणत्याही डॉक्टरला ही संधी मिळालेली नव्हती.

१९१७ मध्ये ‘ब्रेन’ नियतकालिकात आलेला होम्स यांचा लेख शंभर वर्षांनंतरही वाचला जातो. जखमेच्या बाजूचा हात लुळा पडतो, हालचाल उशिरा सुरू होते आणि उशिरा थांबते, बोट नाकाला लावायला सांगितले तर ते पुढे जाते किंवा अलीकडे अडते, आणि सांध्यांच्या हालचाली एकत्र न होता सुट्या सुट्या होतात. हे सगळे त्यांनी बोटाला दिवा लावून काळोखात घेतलेल्या छायाचित्रांनी टिपले. सुधारणाही त्यांनी टिपली. मर्यादित जखम असलेले सैनिक काही आठवड्यांत आश्चर्य वाटावे इतके सुधारत. खोलवर इजा झालेले वर्षानुवर्षे अडखळत राहत. १९२२ च्या व्याख्यानांत आणि पुन्हा १९३९ च्या एका दीर्घ लेखात होम्स याच प्रश्नाकडे परतले. त्यांच्या एका रुग्णाचे सांगणे या विषयाच्या वाङ्मयात वारंवार येते. उजव्या बाजूला इजा झालेल्या या माणसाचा डावा हात त्याच्या नकळत काम करी; उजव्या हाताची प्रत्येक हालचाल मात्र त्याला आधी मनात जुळवावी लागे आणि वळण आले की थांबून विचार करावा लागे.

लुचानीने कुत्र्यांच्या पावलांत जे पाहिले होते, त्याची ही आतून दिलेली साक्ष. सावरलेला माणूस पूर्वीसारखा हालचाल करत नाही. जी गोष्ट आपोआप होत होती ती तो आता लक्ष देऊन करतो. म्हणूनच चांगला सुधारलेला रुग्णही चालता चालता बोलू लागला, गर्दीत शिरला किंवा थकला की पुन्हा झोकांड्या खातो. दवाखान्याच्या मोकळ्या खोलीत पाच मिनिटे तपासून ‘बरा झाला’ असा शेरा मारणे किती फसवे असते, ते यावरून कळावे.

१९३६ साली येल विद्यापीठात एअरिंग आणि फुल्टन यांनी माकडांवर लुचानीच्या प्रयोगाचा पुढचा भाग केला. अनुमस्तिष्क गेल्यावर हाताला येणारा कंप, मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावरचा हालचालींचा पट्टा काढताच नाहीसा होत होता. याचा अर्थ, कंप ही नुसती उणीव नसून उणीव झाकण्याच्या मोठ्या मेंदूच्या धडपडीचा आवाज होता. मोठा मेंदू हात इष्ट जागी नेऊ पाहतो, डोळ्यांनी चूक पाहतो, दुरुस्त करतो. पण डोळ्याची खबर उशिरा येते, दुरुस्ती जास्त होते, पुन्हा उलट दुरुस्ती होते आणि हात थरथरत राहतो.

याच काळात एक दंतकथाही जन्माला आली. १९४० साली जे. डी. बॉइड या शरीररचनाशास्त्रज्ञांनी ७६ व्या वर्षी वारलेल्या एका माणसाच्या मेंदूचे वर्णन केले. त्यात अनुमस्तिष्क जवळजवळ नव्हतेच. हा माणूस हयातीत कसा चालत होता, याची कसलीही वैद्यकीय नोंद नव्हती. तरीसुद्धा पुढची पन्नास वर्षे, अनुमस्तिष्काशिवाय माणूस अगदी सामान्य आयुष्य जगू शकतो, ही गोष्ट व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून फिरत राहिली. १९९४ मध्ये मिचेल ग्लिकस्टाइन यांनी मूळ कागदपत्रे काढून तिचा समाचार घेतला. ज्या ज्या जन्मजात प्रकरणांत जिवंतपणी तपासणी झाली होती, त्या प्रत्येकात हालचालींचे ठळक दोष होते. २०१४ साली चीनमधील २४ वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूत अनुमस्तिष्क अजिबात नसल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हाही वर्तमानपत्रांनी चमत्काराचीच भाषा वापरली. ती स्त्री सहाव्या वर्षानंतर समजेल असे बोलू लागली होती आणि सातव्या वर्षी एकटी चालू लागली होती. चाल अस्थिर होती, उच्चारही किंचित अडखळत. अवयव नसताना एवढे जमणे हे थोर, पण सामान्य नव्हे.

१९६० नंतर प्रश्नाचे रूपच पालटले. अनुमस्तिष्काची अंतर्रचना टोकापासून टोकापर्यंत एकसारखी आहे. त्यात दोन प्रकारचे तंतू येतात. एक लाखो बारीक वाटांनी पुरकिन्ये पेशीला परिस्थितीची खबर देतो, दुसरा एकटाच तिला वेढून चढतो. १९६९ साली डेव्हिड मार आणि १९७१ मध्ये जेम्स आल्बस यांनी स्वतंत्रपणे सुचवले, की ही शिकण्याची यंत्रणा असावी. एकट्याने येणारा तंतू चूक कळवतो आणि त्यानुसार लाखो वाटांपैकी चुकीच्या वाटांचे वजन बदलते. आल्बस यांच्या मते ते कमी व्हायला हवे होते; इतो यांनी १९८२ मध्ये ते खरोखर कमी होते, असे प्रयोगाने दाखवले. यातून वेअर मिचेल यांच्या कोड्याहून अवघड कोडे निघाले. चुका दुरुस्त करायला शिकवणारा अवयवच बिघडला, तर त्या बिघाडाची दुरुस्ती शिकणार कोण?

याचे पहिले नेमके उत्तर सेंट लुइसमध्ये थॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दिले. नजर एका बाजूला सरकवणारा लोलकाचा चष्मा घालून माणसाने चेंडू फेकला, तर आधी नेम चुकतो, वीस-तीस फेकींत जमतो आणि चष्मा काढल्यावर काही काळ उलट्या बाजूला चुकतो. अनुमस्तिष्काच्या ठरावीक इजा असलेल्यांचा नेम सुधारतच नव्हता. दहा वर्षांनी बाल्टिमोरमध्ये एमी बॅस्टियन आणि सुझान मॉर्टन यांनी डावा आणि उजवा पाय वेगवेगळ्या वेगाने चालवणाऱ्या ट्रेडमिलवर रुग्णांना चालवले. पट्ट्याचा वेग अचानक बदलला, की सावरणे त्यांना जमत होते. आधीच अंदाज बांधून पाऊल टाकणे जमत नव्हते. म्हणजे भरपाईचे दोन रस्ते स्पष्टपणे वेगळे झाले. पुढचा अंदाज बांधणारी जुनी वाट बंद होती, पण धक्का लागल्यावर सावरण्याची, डोळ्याने पाहून सुधारण्याची आणि बक्षिसाने शिकण्याची वाट खुली होती. २०१६ मध्ये बॅस्टियन यांच्याच गटाने दाखवले, की नेमकी किती चूक झाली ते न दाखवता फक्त ‘जमले’ किंवा ‘नाही जमले’ एवढेच कळवले, तर याच रुग्णांनी शिकलेली हालचाल जास्त टिकते.

भरपाईची मर्यादा कुठे येते, हेही विसाव्या शतकाच्या अखेरीस चुंबकीय प्रतिमांमुळे दिसू लागले. अनुमस्तिष्काचा पृष्ठभाग घड्यांचा असला तरी बाहेर जाणारा जवळजवळ सगळा संदेश गाभ्यातल्या काही पुंजक्यांतून जातो. त्यांतला डेंटेट हा सर्वांत मोठा. बाह्य थर जखमी झाला तर शेजारचा बाह्य थर, तशीच रचना असल्यामुळे, काम उचलू शकतो. फ्लुराँसचे अर्धे सत्य ते हेच. पुंजका गेला तर सगळ्यांची बाहेर पडण्याची वाटच गेली. म्हणूनच खालच्या मागच्या धमनीत अडथळा येऊन झटका आलेला रुग्ण सहसा चांगला सुधारतो आणि वरच्या धमनीचा रुग्ण मागे राहतो. डेंटेटला रक्त वरच्या धमनीतून मिळते. २००५ साली जर्मनीतल्या एसेनच्या दाग्मार टिमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहानपणी अनुमस्तिष्कातली गाठ काढलेल्या मुलांचा अभ्यास केला. शस्त्रक्रियेच्या वेळी मूल किती लहान होते, यापेक्षा पुंजके वाचले की नाही यावर सुधारणा जास्त अवलंबून होती.

लहानपणीची इजा नेहमी सोसवते, हा समजही याच वर्षी आणखी एका बाजूने ढासळला. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अनुमस्तिष्क झपाट्याने वाढते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्या काळात अनुमस्तिष्कात रक्तस्राव झाला, तर विरुद्ध बाजूचा मोठा मेंदूही कमी वाढतो, असे बॉस्टनमध्ये कॅथरीन लिंपेरोपुलोस यांनी दाखवले. पुढे यांतल्या अनेक मुलांना चालण्याबरोबर भाषा आणि माणसांत मिसळणे यांतही अडचणी आल्या. प्रौढ मेंदूला अनुमस्तिष्काने शिकवून ठेवलेले असते. अर्भकाच्या मेंदूचा शिकवणाराच गेलेला असतो.

ऊतीच्या पातळीवरही काही दुरुस्ती होते. रोलांदोच्या तुरीनमध्येच १९९० च्या दशकात फेर्दिनांदो रोस्सी आणि प्येरजोर्जो स्त्राता यांनी दाखवले, की प्रौढ उंदरांत चढणारे बहुतेक तंतू नष्ट झाले तरी उरलेले तंतू फुटवे काढून शेजारच्या पोरक्या पुरकिन्ये पेशींना जाऊन वेढतात. पुरकिन्ये पेशींचे स्वतःचे तंतू मात्र तुटल्यावर परत वाढत नाहीत. न्यू यॉर्कमध्ये अलेक्झांड्रा जॉयनर यांच्या प्रयोगशाळेने २०१७ मध्ये नवजात उंदरांत याहून मोठी गोष्ट पाहिली : जन्मानंतर लगेच वाढत्या पेशी मारल्या, तर एरवी दुसऱ्याच कामासाठी राखलेल्या पेशी आपले रूप बदलून त्यांची जागा घेतात आणि अवयव बहुतांशी पुन्हा वाढतो. ही मुभा जन्मानंतरच्या थोड्या दिवसांपुरतीच असते.

२०२० च्या सुमारास हिरोशी मितोमा, मारिओ मांतो आणि इतर तज्ज्ञांनी या सगळ्याला ‘अनुमस्तिष्काची राखीव शिल्लक’ असे नाव दिले. जागा बदलून होणारी भरपाई आणि बिघडलेल्या जागीच होणारी भरपाई असे तिचे दोन भाग त्यांनी केले. लुचानीची विभागणी नव्या कपड्यांत परत आली, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. नवा आहे तो उपचारावरचा भर. हळूहळू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक विकारांत व्यायामाचा उपयोग नाही, असे डॉक्टर पूर्वी सरसकट सांगत. शिकण्याचा अवयवच झिजत असताना शिकवायचे काय, हा त्यामागचा तर्क. ट्युबिंगेनमध्ये विनफ्रीट इल्ग यांनी २००९ मध्ये अशा १६ रुग्णांकडून चार आठवडे तोल आणि समन्वयाचे सक्त व्यायाम करून घेतले आणि त्यांची चाल मोजण्याइतकी सुधारली. जपानमध्ये इचिरो मियाई यांनी २०१२ मध्ये ४२ रुग्णांवर केलेल्या चाचणीतही तेच आढळले. धडाची स्थिरता हातापायांपेक्षा जास्त सुधारली, आणि रुग्णालयातला सराव संपल्यावर पुढच्या महिन्यांत मिळवलेला फायदा हळूहळू ओसरत गेला. म्हणून या रुग्णांना आज घरी चालू ठेवता येईल असा रोजचा व्यायाम लिहून दिला जातो आणि तो बंद करण्याची तारीख दिली जात नाही.